सुरमई की भेंडी

आमच्या समोरच्या मेस्त्रीकाकांच्या घरी दुपारी काय शिजणार, हे भारताचा पुरुषांचा व्हॉलीबॉल संघ ठरवतो. टीम जिंकली तर मासे, टीम हरली तर भाजी. मॅच नसेल त्या दिवशी काकू आपल्या मनाच्या राणी असतात, पण मॅच असली की निकाल लागेपर्यंत गॅसवर काय चढवायचं हे त्यांच्या हातात नसतं. आपला संघ गेली काही वर्षं कसा खेळतोय हे ज्यांना माहीत आहे, त्यांच्या लक्षात येईलच की मेस्त्र्यांकडे भाजी पुष्कळ खाल्ली जाते.

मला हे कळलं ते जिन्यात. आम्ही भांडुपला राहायला आलो त्याच आठवड्यातली गोष्ट. मी शाळेतून येऊन कुलूप काढत होते, तर समोरचं दार उघडून एक ठेंगणीशी, गोल चेहऱ्याची बाई पिशवी घेऊन बाहेर आली आणि ओळख ना पाळख, मला म्हणाली, "बाय गो, तुझ्या मोबाइलात बघ जरा. इंडिया जिंकली काय हरली?"

मी म्हटलं, "आज मॅच नाहीये बहुतेक."

"क्रिकेट नाय गो. वॉलीबॉल. पुरुषांचा. लवकर बघ, कोळीण उठान जायत. सुरमय घेव की भेंडी, ता ठरवूचा आसा."

मी शोधलं. फार शोधावं लागलं, कारण आपल्या वर्तमानपत्रांना या संघाचा पत्ता नसतो. सापडलं तेव्हा निकाल वाईट होता. काकूंनी पिशवीतली मासळीची वेगळी प्लास्टिकची पिशवी काढून दाराच्या कडीला अडकवली आणि "भेंडी," असं स्वतःशीच म्हणून त्या जिना उतरल्या.

आता, मला चौकशा करायची खोड आहे. मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे या खोडीचा पगारही मिळतो. शिवाय आम्ही मूळचे बुलढाण्याकडचे. आमच्याकडे मासा म्हणजे सुकट, आणि ती खायला कोणाच्या जिंकण्याची वाट बघावी लागत नाही. त्यामुळे हे प्रकरण मुळातून समजून घेतल्याशिवाय मला चैन पडणं शक्य नव्हतं.

मेस्त्रीकाका म्हणजे उंच, बारीक, आणि चालताना नजर कायम जमिनीवर. पहिल्यांदा वाटतं यांचं काहीतरी पडलंय. ते रंगाच्या कारखान्यात नोकरीला होते आणि कारखान्याच्या टीममध्ये व्हॉलीबॉल खेळायचे. "उंची होती, उडी नव्हती," हे त्यांचं स्वतःच्या खेळाबद्दलचं संपूर्ण भाषण. उडी नाही म्हटल्यावर ते लाइन्समन झाले. मैदानाच्या कोपऱ्यात लाल झेंडा घेऊन जो माणूस उभा असतो, तो. बॉल आत पडला की झेंडा खाली, बाहेर पडला की झेंडा वर. निवृत्तीनंतरही कितीतरी वर्षं मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत कुठेही स्पर्धा असली की काकांना बोलावणं यायचं, कारण काकांचा झेंडा चुकत नाही असं सगळे म्हणायचे. काका स्वतः असं कधी म्हणत नाहीत. ते फक्त म्हणतात, "बॉल एकतर आत असतो, नायतर बाहेर. त्यात माझं काय कौतुक?"

हा झेंडा त्यांच्या हातातून सुटला, पण अंगातून गेला नाही. 'जवळजवळ' या शब्दाशी त्यांचं हाडवैर आहे. आमच्या मजल्यावर कोणी फोनवर "जवळजवळ पोचलोच" असं म्हटलं आणि ते काकांच्या कानावर पडलं, की काका दारातून विचारणार, "पोचलास की नाही पोचलास? नाहूर स्टेशन गेलं काय?" एकदा माझ्या नवऱ्याने बोलता बोलता म्हटलं, "काका, त्या मॅचमध्ये आपण जवळजवळ जिंकलो होतो ना?" काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "जवळजवळ नावाचा सेट नसतो रे. हरलो. हरलो म्हणायला काय जातं तुझं? त्या पोरांनी पाच सेट रक्त आटवलं, त्यांनी हात मिळवले आणि हरलो म्हणाले. तू कोण पाणी घालणारा?" नवरा तेव्हापासून त्यांच्याशी फक्त पाण्याच्या टाकीबद्दल बोलतो.

सोसायटीत पार्किंगच्या पिवळ्या रेषा मारल्या तेव्हा तर काकांना दुसरं तारुण्य आलं. कोणाची स्कूटर कोणाच्या जागेत घुसली यावर रोज भांडण, आणि भांडण झालं की काकांना हाक. काका येणार, उकिडवे बसणार, एक डोळा मिटून टायर आणि रेषा यांच्याकडे बघणार. मग काका उठून फक्त हाताचा पंजा खाली दाखवणार, म्हणजे आत, किंवा वर करणार, म्हणजे बाहेर. एकदा त्यांच्या सख्ख्या पुतण्याची गाडी होती. पुतण्या म्हणाला, "काका, घरातलं माणूस बघा ना जरा." काकांनी बघितलं आणि हात वर केला. पुतण्या त्या गणपतीत घरी आला नाही.

संध्याकाळी ते इमारतीखालच्या बाकावर बसतात. कोणी शेजारी टेकलं की भारतीय संघाचा इतिहास सुरू. मी इतिहासच शिकवते, त्यामुळे मला अधिकाराने सांगता येतं की असा इतिहास कोणी सांगत नाही. काकांच्या तोंडी संघ कधी 'भारत' नसतो, 'आपण' असतो. "आपण एशियाडला जकार्त्याला गेलो, रौप्य घेऊन आलो. तेव्हा आपण आशियात दादा होतो गं. मग सोलला कांस्य घेतलं. मग..." इथे ते थांबतात आणि गुडघे चोळतात. "मग आपण घसरलो. ऑलिंपिकला तर आपण कधी गेलोच नाही. पात्रताच झाली नाही." एखाद्या घराण्यातल्या वडीलधाऱ्याने कोणत्या भावाने कुठली जमीन विकली ते सांगावं, तसं ते सगळं सांगतात. लपवत काही नाहीत. जिंकलेल्या मॅचेस थोडक्यात सांगतात आणि हरलेल्या सविस्तर.

"हरलेल्या कशाला एवढ्या लांबवता?" मी एकदा विचारलं.

"जिंकलेल्या सगळ्यांना आठवतात. हरलेल्यांना कोणीतरी नको काय?"

हे ऐकून माझी चौकशी आणखी वाढली. माशांचं काय, ते मला हवं होतं. काकांना विचारलं तर म्हणाले, "त्यांनी तिकडे घाम गाळायचा आणि हरून मान खाली घालून बसायचं, आणि मी इकडे बांगडा ओरपायचा? बरं दिसतं काय ते?" मी म्हटलं, "पण त्यांना कुठे कळतंय?" काका म्हणाले, "मला कळतंय ना."

नियमाची कलमंही होती. साधी मॅच हरली तर त्या दिवसापुरती भाजी. स्पर्धेतून बाहेर पडली तर घरातलं माणूस गेल्यासारखं दहा दिवसांचं सुतक, त्यात सुका जवळा, म्हणजे आमची सुकट, तीही वर्ज्य. मालवणी घरात याचा अर्थ काय होतो, ते मालवणी माणसालाच विचारा.

आणि हे सगळं काकूही पाळायच्या, हे तर मला आणखीच नवल. काकूंना व्हॉलीबॉलमध्ये काडीचा रस नाही. किती माणसं खेळतात तेही त्यांनी मला एकदा चुकीचं सांगितलं होतं. नवऱ्याची कॉमेंट्री सुरू झाली की त्या नारळ खवायला घ्यायच्या, कारण खवणीचा आवाज मोठा असतो. मी म्हटलं, "काकू, नियम काकांचा. तुम्ही खा की खुशाल."

"तेंच्या ताटात भेंडी आणि माझ्या ताटात सुरमय? माका घास उतारचो नाय गो." मग हसून म्हणाल्या, "नव्या नवरीक वाटलेला, एक-दोन वर्सा करतले आणि इसारतले. तेव्हा माका काय ठावक, ही टीम अशी निघतली?"

सोलचं कांस्य काकूंच्या लक्षात आहे ते पापलेटामुळे. अलीकडच्या एशियाडला आपण कोरियाला हरवलं तेव्हा काका अख्खी सुरमई घेऊन जिना चढले आणि पहिल्या मजल्यापासून "मारलं! कोरियाला मारलं!" असं ओरडत आले. बाजारातली कोळीणसुद्धा आता विचारते, "काय काकू, इंडिया कवा खेलते?" तिचा धंदा आहे, तिला टीमबद्दल कळकळ असणारच.

हे सगळं मी गंमत म्हणून सांगत असे, शाळेत, माहेरी, सगळीकडे. मग काकूंचं पोटाचं ऑपरेशन झालं.

ऑपरेशन नीट झालं, पण घरी आल्यावर काकूंचं जेवण तुटलं. मुलगी बडोद्याहून येऊन आठवडाभर राहून गेली, तिने सगळे प्रकार करून बघितले. अंडं समोर आणलं की काकूंना मळमळायचं. चिकनच्या वासाने त्या तोंड फिरवायच्या. डॉक्टरांनी दिलेली प्रोटीनची पावडर त्यांनी एकदा घेतली आणि म्हणाल्या, खडू भिजवून दिल्यान. पेजेचे दोन-चार चमचे, बस. गोल चेहरा बघता बघता उतरला, बांगड्या कोपरापर्यंत मागे जायला लागल्या. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं की असंच चाललं तर टाके भरून येणार नाहीत, पुन्हा दाखल करावं लागेल. "त्यांना आवडेल ते द्या, पण पोटात जाऊ द्या."

काकूंना काय आवडतं हे सगळ्या मजल्याला माहीत होतं. आता मासे चालतील असं डॉक्टरांनी सांगितलं आणि नेमकी त्याच आठवड्यात कुठलीशी आशियाई स्पर्धा सुरू झाली. मॅच रोज.

पहिल्या दिवशी हरलो. काकूंनी पलंगावरून मला हाक मारून विचारलं, मी मोबाइल बघून खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशीही हरलो. मी म्हटलं, "काकू, आजच्या दिवस राहू द्या तो नियम."

काकाही तेच म्हणत होते. मी तिथेच होते, म्हणून सांगते. ते पलंगाशी उभे राहून चक्क विनवत होते. "अगे, तू आजारी आसंस. आजारी माणसाक नियम नसतत. मी पण खातंय तुझ्यावांगडा. झाला?"

काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "इतक्या वर्सांत मोडलात नाय. आज मोडतास. मी मराक टेकलंय की काय?"

नियम मोडायचा म्हणजे काकूंना सांगायचं की तुझं काही खरं नाही. काका स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी गटातली शेवटची मॅच, हरलो की बाहेर. मी शाळेतून येताना रिक्षातच निकाल बघितला. जपानकडून सरळ तीन सेटमध्ये हरलो, स्पर्धेतून बाहेर. म्हणजे सुतक. दहा दिवस. मी घरी पोचले ते पाय ओढतच, कारण काकू मला विचारणार आणि मला सांगावं लागणार.

जिन्यात काका उभे होते. हातात मासळीची पिशवी, त्यातून सुरमईचं शेपूट बाहेर आलेलं. मला बघून त्यांनी नजर उचलली, जी ते सहसा उचलत नाहीत.

"बघितलंस?"

"बघितलं, काका."

"मी पण बघितलं." मग ते म्हणाले, "वंदना, तुझा मोबाइल आज बंद पडू शकतो काय?"

"माझा?"

"तू खोटं बोलू नको. तुला मी सांगणार नाय तसं. फक्त मोबाइल बंद पडला असं... म्हणजे तो बंदच कर. मग ते खोटं होणार नाय. बाकीचं माझं मी बघतो."

जन्मभर ज्यांनी सख्ख्या पुतण्याला सूट दिली नाही, ते मला मोबाइल बंद करायला सांगत होते, आणि तेही माझ्यावर खोटेपणाचा डाग लागू नये म्हणून एवढी काळजी घेऊन. मी त्यांच्यासमोर मोबाइल बंद केला.

रस्सा काकांनीच केला. काकू आतून सूचना देत होत्या, कोकम किती, तिखट किती, आणि मी कांदा कापत होते. मासे शिजताहेत म्हणजे टीम जिंकली, हे काकूंना वासावरूनच कळलं असणार, तरी काकांनी ताट घेऊन जाताना दारातच जाहीर केलं, "जिंकलो. जपानला मारलं."

इतकं वाईट खोटं मी माझ्या चौथीच्या वर्गातही ऐकलेलं नाही. आवाज कोरडा, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. कोणी विचारलं तर बाराखडी म्हणून दाखवेन अशा चेहऱ्याने ते उभे होते.

काकू उशीला टेकून बसल्या. ताटाकडे बघितलं, काकांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या मोबाइलात काय म्हणता?"

"बंद पडलाय, काकू."

"अस्सा." त्यांनी भाताचा छोटा गोळा केला, रश्शात बुडवला, पण तोंडात घातला नाही. आणि अख्ख्या संसारात जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "कशे जिंकले ता सांगा तरी."

काका खुर्चीवर बसले. बसावंच लागलं. "पहिला सेट आपण घेतला," ते म्हणाले आणि थांबले.

काकूंचा हातही थांबलेला.

"घेतला म्हणजे, सुरुवातीला मागे होतो. मग तो उंच पोरगा आहे ना, त्याची सर्व्हिस आली." काकूंनी घास तोंडात घातला. काकांनी ते बघितलं, मीही बघितलं. "एक सर्व्हिस. दुसरी सर्व्हिस. त्यांना उचलताच येईना." दुसरा घास. काका पुढे सरसावले. पहिला सेट त्यांनी भराभर संपवला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की सरळ तीन सेट घेतले तर मॅच संपेल आणि ताटात तर अजून बरंच आहे. दुसरा सेट त्यांनी लगेच घालवला.

"हरले?" काकूंचा घास हवेत.

"एकच सेट! एकच! तिसरा आपण घेतला," काका घाईघाईने म्हणाले, आणि घास पुन्हा खाली उतरला.

मी कितीतरी मॅचेस त्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत, पण अशी ऐकली नाही. ते उठून उभे राहिले होते. कपाट ही नेट होती. ज्यांना उडी नव्हती ते काका टाचा उचलून ब्लॉक दाखवत होते. चौथा सेट जपानने घेतला, कारण सुरमईची दुसरी तुकडी काकूंनी नुकतीच ओढली होती. पाचवा सेट पंधरा पॉइंटांचा असतो, पण दोनची आघाडी मिळाल्याशिवाय तो संपत नाही. हा नियम कोणी केला असेल त्याचं भलं होवो. चौदा-चौदा. काकू काटा बाजूला काढताहेत. पंधरा-पंधरा. भात कालवताहेत. सोळा-सोळा. काकांच्या कपाळावर घाम आला होता, आवाज बसला होता, पण ताटात एक घास होता तोवर त्यांनी बॉल जमिनीवर पडू दिला नाही. काकूंनी ताट बोटाने पुसून घेतलं तेव्हाच त्या उंच पोराने स्मॅश मारला आणि आपण जिंकलो. मी टाळ्या वाजवल्या. मला राहवलंच नाही.

काका ताट घेऊन आत गेले. भांडी घासायचा आवाज यायला लागला. काकूंनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"हरले मा गो?"

मी मान डोलावली.

"वाटलाच. जिंकले आसते तर पयल्या माळ्यापासून बोंबलत इले नसते?"

"मग जेवलात कशा?"

काकू हाताकडे बघत राहिल्या. रश्शाचा वास अजून बोटांना होता. "हो माणूस जन्मात कधी खोटा बोलाक नाय. आज माझ्यासाठी पाच सेट खोटा बोललो. मग ताट परत कसा पाठवू गो?"

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. काका पंच्याला हात पुसत बाहेर आले, तेव्हा मात्र त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "उद्या कोणाशी आसा?"

काका गोंधळले. उद्या कोणाशीच नव्हती. टीम सामान बांधत असणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी खिडकीतून बाहेर बघायला लागले.

"इराण," काका म्हणाले. मग खोटं बोलतानाही त्यांच्याच्याने राहवलं नाही, "इराण कठीण टीम आहे पण."

"कठीण आसूंदे," काकू म्हणाल्या आणि उशी नीट करून आडव्या झाल्या. "तुम्ही बांगडे ताजे बघून घेवा."